घरातल्या कढीपत्त्याची पाने दर हिवाळ्यात पिवळी पडतात : कारण शोधण्याची रीत

ऑक्टोबर संपता संपता कढीपत्त्याची कुंडी अंगणातून घरात आणली जाते आणि नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत तिची पाने पिवळी पडू लागतात. लंडनच्या आसपास राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपैकी ज्यांच्याकडे हे झाड आहे, ते दर हिवाळ्यात मला हाच प्रश्न विचारतात, आणि बहुतेक वेळा प्रश्नासोबत उत्तरही आलेले असते : खत कमी पडले असणार, किती घालू? माझ्या स्वतःच्या झाडाला लागोपाठ तीन हिवाळे मी याच समजुतीने खत घातले. पहिल्या वर्षी पाने गळली, दुसऱ्या वर्षी पानांची टोके जळाली आणि तिसऱ्या वर्षी कुंडी उपडी केली तेव्हा बोटाने दाबताच साल सुटून येणारी तपकिरी मुळे हाती आली. झाडापुढे ताट वाढलेले होते, पण त्याला घास घेता येत नव्हता. घरातल्या कुंडीतील पिवळेपणाची बहुतेक प्रकरणे मला याच जातीची आढळली आहेत, आणि म्हणून काहीही ओतण्यापूर्वी पाने, माती, मुळे आणि पाणी यांची तपासणी या क्रमाने करावी असा माझा आग्रह आहे.

सर्वांत आधी पिवळे पान फांदीवर कोठे आहे ते पाहावे. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडाच्या अंगात एका जागेवरून दुसऱ्या जागी हलू शकतात. ती कमी पडली की झाड जुन्या पानांतून काढून कोवळ्या शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे खालची, जुनी पाने आधी फिकट होतात. लोह, मँगनीज, जस्त आणि कॅल्शियम मात्र एकदा पानात बसली की फारशी हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव नव्या पानांवर आधी दिसते. एवढा एकच भेद नीट पाहिला तर निम्म्या शक्यता तिथल्या तिथे बाद होतात. कढीपत्त्याच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते. आपण स्वयंपाकात ज्याला एक पान म्हणतो ती खरे तर पर्णिका असते, आणि एका देठावरच्या साधारण ११ ते २१ पर्णिका मिळून झाडाचे एक पान होते. त्यामुळे एखादी पर्णिका पाहून निष्कर्ष काढू नये. संपूर्ण देठ जुना की नवा, हे पाहावे.

दुसरी गोष्ट रंगाच्या आकृतीची. संपूर्ण जुने पान शिरांसकट सारखेच फिकट झाले असेल तर नत्राचा संशय घ्यावा. जुन्याच पानात शिरांमधला भाग पिवळा आणि देठाजवळचा भाग हिरवा राहिला असेल तर मॅग्नेशियमकडे पाहावे. नवे पान पिवळे, अगदी लिंबाच्या सालीसारखे, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी उठून दिसत असेल तर ती लोहाची खूण आहे. मँगनीजच्या उणिवेत आकृती जवळपास तशीच असते, पण शिरांच्या दोन्ही बाजूंना हिरवा पट्टा रुंद राहतो आणि जाळी इतकी स्पष्ट दिसत नाही. नवी पाने लहान, अरुंद आणि ठिपकेदार फिकट निघत असतील तर जस्त कमी आहे असे समजावे. कढीपत्ता हा लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्याच कुळातला असल्यामुळे लिंबूवर्गीय झाडांच्या पानांवरच्या या खुणा ओळखणाऱ्याला कढीपत्ता वाचणे अवघड जात नाही. ज्यांचे माहेर विदर्भातल्या संत्रा बागांच्या पट्ट्यातले आहे, त्यांनी या खुणा लहानपणापासून पाहिलेल्या असतात. पाने दिवसाच्या उजेडात पाहावीत, कारण स्वयंपाकघरातल्या पिवळट दिव्याखाली निरोगी पानही आजारी दिसते.

ओली माती आणि गार मुळे

जुनी पाने सरसकट पिवळी पडून हलक्या धक्क्यानेही गळत असतील, तर खताच्या डब्याला हात लावण्याआधी मातीत दोन पेरे बोट घालून पाहावे. वरचा थर कोरडा दिसतो आणि खाली चिखल असतो, हे घरातल्या कुंडीचे नेहमीचे फसवे रूप आहे. त्याहून भरवशाची रीत म्हणजे कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे करून घेणे. पाणी घातल्यानंतर आणि आठवड्याने अशी दोनदा उचलली की तिसऱ्यांदा हात स्वतःच सांगतो. उन्हाळ्यात अंगणात असताना हे झाड रोज पाणी पिते, पण २१ डिसेंबरला लंडनमध्ये दिवस जेमतेम ७ तास ५० मिनिटांचा असतो, पुण्यात मात्र तो सुमारे ११ तासांचा असतो, आणि लंडनचा तो अपुरा दिवसही बहुधा ढगाळ जातो. प्रकाश कमी म्हणजे पानांतून उडणारे पाणी कमी, आणि पाणी उडत नाही तर मुळेही ते ओढत नाहीत. आपण मात्र उन्हाळ्याच्या सवयीने घालत राहतो. साचलेल्या पाण्यामुळे मातीतली हवा निघून जाते, प्राणवायूवाचून मुळे कुजू लागतात, आणि कुजलेले मूळ ना पाणी घेऊ शकते ना नत्र, म्हणून पान पिवळे पडते. वर झाड मरगळलेले दिसते, ते पाहून घरातले कुणीतरी आणखी एक तांब्या पाणी घालते. माती ओली असताना मान टाकलेल्या झाडाला पाणी घालू नये, हे मी घरातल्या प्रत्येकाला दोनदा सांगून ठेवले आहे.

मुळे पाहण्यास घाबरू नये. कुंडी आडवी धरून, कडेने हलके थापटून मातीचा गोळा सरकवून बाहेर काढता येतो. पांढरट किंवा दुधी रंगाची, ताठ मुळे निरोगी समजावीत. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वास येणारी मुळे कुजलेली असतात. कुजलेला भाग स्वच्छ कात्रीने कापून, तेवढ्याच किंवा लहान कुंडीत, पाण्याचा निचरा चांगला होणाऱ्या मातीत झाड पुन्हा लावावे. मोठी कुंडी देऊ नये, कारण जिथपर्यंत मुळे पोचत नाहीत ती माती आठवडेच्या आठवडे ओली राहते. तळाशी खडे घातल्याने निचरा सुधारतो, ही आपल्याकडची जुनी समजूतही सोडून द्यावी. बारीक मातीतले पाणी खाली खड्यांच्या मोकळ्या थरात सहज उतरत नाही, ते वरच तुंबून राहते, आणि खड्यांनी फक्त मुळांची जागा कमी होते. त्याऐवजी मातीतच जाड पर्लाइट (भाजून फुगवलेल्या खनिजाचे हलके पांढरे दाणे) किंवा झाडाच्या सालीचे तुकडे साधारण एक तृतीयांश मिसळावेत. शोभेच्या बाहेरच्या कुंडीत साठलेले पाणी ओतून टाकण्याचे विसरू नये.

थंडीचा परिणाम याहून छुपा असतो. खोलीत २० अंश तापमान असले तरी खिडकीच्या दगडी कट्ट्यावर ठेवलेल्या कुंडीतली माती रात्री बरीच गार होते, आणि आपण झोपताना पडदा ओढून घेतला की झाड पडद्याच्या आणि काचेच्या मधल्या गारठ्यात कोंडले जाते, तर रेडिएटरची ऊब पडद्याच्या अलीकडे आपल्याकडे राहते. लिंबूवर्गीय झाडांची मुळे साधारण १३ अंशांखाली जवळजवळ काम थांबवतात, आणि कढीपत्त्याची वागणूकही मला तशीच आढळली आहे. सकाळी ऊन पानांवर येते, पाने पाणी मागतात आणि गार मुळे ते देऊ शकत नाहीत. मग झाड पाने टाकून देते. यावर उपाय साधा आहे. कुंडीखाली लाकडी पाट किंवा बुचाची जाड चकती ठेवावी, रात्री झाड पडद्याच्या आत घ्यावे, आणि शक्य असल्यास बियाणे रुजवण्यासाठी मिळणारी गरम चटई कुंडीखाली ठेवावी. रेडिएटरच्या अगदी वरही झाड ठेवू नये, त्याचे कारण पुढे किडींच्या ओघात येईल.

पाणी, चुना आणि नव्या पानांवरचा केवडा

मुळे पांढरीशुभ्र आहेत, माती बेताची ओली आहे आणि तरीही नवे शेंडे लिंबासारखे पिवळे व शिरा हिरव्या असे दिसत असेल, तर दोष बहुधा नळाच्या पाण्यात असतो. माझ्या झाडाचे खरे दुखणे हेच निघाले, आणि ते समजायला मला सर्वांत जास्त काळ लागला, कारण पाणी पिण्याला उत्तम होते आणि झाडाला घातक असेल असे मनातही आले नव्हते.

आग्नेय इंग्लंडच्या मोठ्या भागाखाली खडूचा, म्हणजे चुनखडीचा खडक आहे आणि तिथले पाणी त्यातून मुरून येते, म्हणून लंडनचे पाणी जड आहे. किटलीच्या तळाशी साठणारा पांढरा थर हा त्याचाच पुरावा असतो. त्या पाण्यातील बायकार्बोनेट, म्हणजे विरघळलेल्या चुनखडीचा अंश, दर वेळी कुंडीत थोडे थोडे जमा होते आणि मातीचा सामू, म्हणजे आम्लता-अल्कता मोजणारा पीएचचा आकडा, हळूहळू ७.५ च्या वर नेते. सामू वाढला की मातीतले लोह अविद्राव्य रूपात जाते. ते मातीत असते, पण मुळांना घेता येत नाही. सामूच्या एकेका अंकागणिक लोहाची विद्राव्यता कितीतरी पटींनी घटत जाते, म्हणून ६.५ आणि ७.५ यांतला फरक कागदावर लहान दिसला तरी झाडासाठी फार मोठा असतो. उन्हाळ्यात पावसाच्या सरींनी ही कुंडी अधूनमधून धुतली जाते. घरात आल्यावर तिला फक्त नळाचे पाणी मिळते, त्यातच गार मुळे मंदावलेली असतात, आणि म्हणून हा दोष नेमका हिवाळ्यात किंवा हिवाळ्याच्या शेवटी पहिल्या फुटीवर उघडा पडतो. ग्लासगोला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला ही तक्रार कधीच आली नाही. त्या शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन या सरोवराचे मऊ पाणी मिळते, आणि तिच्या किटलीत थर साठत नाही. आमची दोघींची झाडे एकाच रोपाच्या मुनव्यांपासून झालेली, माती एकाच प्रकारची, खत तेच. वेगळे होते ते फक्त पाणी.

हे दुखणे आपल्याकडच्या शेतकऱ्याला नवे नाही. चुनखडीयुक्त जमिनीत ऊस, भुईमूग किंवा आले यांच्या नव्या पानांवर पिवळेपणा आला की केवडा पडला असे म्हणतात, आणि त्यामागे लोहाचीच उणीव असते. द्राक्षावरच्या बुरशीजन्य रोगालाही केवडाच म्हणतात, म्हणून गावाकडून सल्ला घेताना आपण कशाबद्दल विचारतो आहोत ते स्पष्ट सांगावे, नाहीतर बुरशीनाशकाचे नाव हाती येते. पुण्यातही ज्या सोसायट्यांना धरणाचे पाणी अपुरे पडते आणि बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरावे लागते, तिथल्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर हाच केवडा दिसतो.

संशय पक्का करण्याच्या दोन रीती आहेत. पहिली : कुंडीला नेहमीप्रमाणे पाणी देऊन अर्ध्या तासाने वरून थोडे शुद्ध, क्षाररहित पाणी घालावे, खालून निथळणारे पाणी वाटीत धरावे आणि सामू दाखवणाऱ्या कागदाच्या पट्टीने तपासावे. ६ ते ६.८ च्या दरम्यान आकडा आला तर सामूला दोष देऊ नये, ७.५ किंवा त्याहून अधिक आला तर कारण सापडले असे समजावे. दुसरी रीत अधिक खात्रीची आहे. एक लिटर पाण्यात २ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, विरघळवून त्याचा बोळा फक्त एका पिवळ्या देठावर, संध्याकाळी, हलक्या हाताने फिरवावा आणि त्या देठाला दोरा बांधून ठेवावा. आठवड्याभरात तेवढ्याच पर्णिकांवर हिरवे ठिपके किंवा हिरवी छटा आली, तर उणीव लोहाचीच होती. त्या देठाची पाने अर्थातच फोडणीत घालू नयेत.

उपायाचे दोन भाग आहेत आणि दुसरा भाग टाळला तर पहिला व्यर्थ जातो. तात्पुरता उपाय म्हणजे चिलेटेड लोह, म्हणजे मातीत बांधले जाऊ नये म्हणून सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले लोह. ते घेताना डब्यावरचे नाव वाचावे : ईडीटीए या रूपातले लोह सामू ६.५ च्या पुढे फारसे टिकत नाही, डीटीपीए साधारण ७.५ पर्यंत टिकते आणि ईडीडीएचए त्याहूनही चढ्या सामूत काम करते. जड पाण्याच्या कुंडीत स्वस्त मिळते म्हणून ईडीटीए घालणे म्हणजे पैसे मातीत टाकणेच आहे. नुसते हिराकस मातीत घालूनही अशा कुंडीत लोह पुन्हा बांधले जाते. कायमचा उपाय पाणी बदलण्याचा आहे. पावसाचे पाणी पिंपात साठवून तेच वापरणे सर्वांत उत्तम, आणि या देशात पावसाची ददात नाही. ते नसेल तर पाणी उकळून, पूर्ण निववून, वरचे निवळ पाणी घ्यावे. उकळल्याने बायकार्बोनेटचा बराच भाग तळाशी बसतो. एका लिटरला पाव ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व घालून पाण्याचा सामू ६ ते ६.५ वर आणणे हाही मार्ग आहे, मात्र प्रमाण दर वेळी पट्टीने तपासूनच ठरवावे. घरात पाणी मऊ करणारे मिठाचे यंत्र बसवलेले असेल तर त्याचे पाणी झाडाला कधीही घालू नये, कारण त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेले असते. कुंडी बदलताना अझेलिया, कॅमेलिया अशा आम्लप्रिय झाडांसाठी मिळणारी माती अर्धी मिसळली तर सामू बराच काळ आवाक्यात राहतो.

येथे ताकाचा विषय निघतोच. आंबट ताक घातले की कढीपत्ता तरारतो, हे आपण सर्वांनी आजीकडून ऐकले आहे आणि ते खोटे नाही. ताकातले आम्ल मुळांजवळचा सामू थोडा काळ खाली आणते आणि लोह मोकळे होते. परंतु मातीतले जिवाणू ते आम्ल लवकरच खाऊन टाकतात, आणि अंगणातल्या जमिनीत जे मुरून जाते ते बंद खोलीतल्या कुंडीत कुजते, वास येतो आणि मातीत बारीक काळ्या माश्या होतात. उन्हाळ्यात, बाहेर, अगदी पातळ करून घालण्यास माझी हरकत नाही. हिवाळ्यात घरात घालू नये.

पानामागे पाहणे

पान एकसारखे पिवळे नसून सुईने टोचल्यासारखे असंख्य फिकट ठिपके असतील, तर पानाची मागची बाजू पाहावी. रेडिएटरच्या कोरड्या हवेत लाल कोळी झपाट्याने वाढतो. पांढऱ्या कागदावर देठ झटकला की धुळीसारखे कण पडतात आणि ते चालू लागतात. स्नानगृहात नेऊन कोमट पाण्याच्या फवाऱ्याने पानांची मागची बाजू धुणे, चार-पाच दिवसांनी पुन्हा धुणे आणि तिसऱ्यांदाही धुणे, एवढ्याने बहुतेक वेळा तो आटोक्यात येतो. पाने चिकट लागत असतील आणि त्यांवर काजळीसारखी बुरशी धरली असेल तर देठांवर व खोडावर खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण शोधावा, नखाने किंवा जुन्या दातघासणीने खरवडून काढावा आणि निंबोळी तेलाचा साबण मिसळलेला फवारा संध्याकाळी द्यावा. मुळांतून शोषली जाणारी अंतरप्रवाही कीटकनाशके शोभेच्या झाडांसाठी सर्रास मिळतात, पण कढीपत्ता आपण खातो, म्हणून ती या झाडाला वापरू नयेत, मग कीड कितीही हट्टी असो.

कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकांसाठी एक गोष्ट येथेच नोंदवते. लिंबूवर्गीय झाडांना घातक ठरलेला हरितरोग पसरवणारी सायला नावाची कीड कढीपत्त्यावर आवडीने वाढते, आणि म्हणून तिथल्या क्वारंटाइन क्षेत्रांतून हे झाड किंवा त्याचा पाला इकडून तिकडे नेण्यावर निर्बंध आहेत. मैत्रिणीला प्रेमाने रोप देण्यापूर्वी ते निर्बंध पाहावेत.

खत शेवटी

मुळे, पाणी आणि कीड यांची तपासणी झाल्यावरही जुनी पाने फिकट राहिली आणि झाड वाढीला लागलेले असेल, तरच खताचा विचार करावा. वाढ थांबलेल्या झाडाला घातलेले खत क्षार होऊन साठते आणि पानांची टोके व कडा तपकिरी जाळते. पालाशाच्या उणिवेतही कडा जळतात, त्यामुळे पुष्कळ जण क्षारांनी जळालेले पान पाहून आणखी खत घालतात. कुंडीच्या काठावर किंवा मातीवर पांढरी साय दिसत असेल तर ते क्षार आहेत असे समजून कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट-तिप्पट मऊ पाणी एकदा निथळवून काढावे. कोकोपीटमध्ये लावलेल्या झाडांना मॅग्नेशियम कमी पडते, कारण कोकोपीट ते धरून ठेवते. तिथे एक लिटरला २ ग्रॅम एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, पंधरा दिवसांतून एकदा, दोन-तीन वेळा देऊन पाहावे.

सुधारणा झाली की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये, कारण पूर्ण पिवळे पडलेले जुने पान पुन्हा हिरवे होत नाही. पुढच्या दोन फुटी कशा येतात ते पाहावे. त्या दरम्यान एका वेळी एकच उपाय करावा आणि तारीख घालून वहीत लिहून ठेवावा; पाणी, माती, खत आणि जागा चारही एकाच आठवड्यात बदलली तर झाड सुधारले तरी कशाने सुधारले ते कळत नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात आपण पुन्हा तिथेच उभे असतो.

डिसेंबर-जानेवारीत सगळी पाने गळून नुसत्या काड्या उरल्या तरी झाड फेकून देऊ नये. थंड जागी कढीपत्ता पाने टाकून विश्रांती घेतो. खोडाची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर झाड जिवंत आहे, तो तपकिरी व कोरडा असेल तर बुंध्याकडे सरकत हिरवे मिळेपर्यंत पाहत जावे आणि तिथून वरचा भाग छाटावा. अशा उघड्या झाडाला तीन आठवड्यांतून एकदा पेलाभर कोमट, मऊ पाणी पुरते. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये डोळे फुगू लागले की त्याला घरातल्या सर्वांत उजेडाच्या खिडकीत आणावे, आणि नवी फूट बोटभर लांब झाल्यावर शिफारशीच्या अर्ध्या मात्रेत पहिले खत द्यावे.